चळतीची खुर्ची : आकृती, द्रव्य आणि नवी मुंबईतील बैठक

नवी मुंबईतील कोणत्याही विभागातील एखादे समाजमंदिर वा सभागृह घ्यावे. तेथे सकाळी साखरपुडा, दुपारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा आणि संध्याकाळी मुलांची नृत्यशाळा, असा एकाच जमिनीचा तिहेरी उपयोग होत असतो. साखरपुड्यास तीनशे माणसे बसवावयाची, सभेस साठ, आणि नृत्यशाळेस जमीन पूर्णपणे मोकळी हवी. माणूस खुर्चीवर बसला की येण्याजाण्याची वाट धरून त्यास सुमारे ०.६५ चौरस मीटर जागा लागते. म्हणजे तीनशे माणसांस जवळजवळ दोनशे चौरस मीटर झाले. ह्याच तीनशे खुर्च्या पंधरा-पंधराच्या वीस चळतींत रचल्या, तर प्रत्येक चळतीखाली सुमारे ०.३ चौरस मीटर जमीन जाते व सगळ्या खुर्च्या सहा चौरस मीटरांत मावतात. दोनशेचे सहा होणे ही साधी सोय नव्हे. ज्या शहरात जमीन हीच सर्वांत महाग वस्तू आहे, तेथे एका सभागृहाची तीन सभागृहे करण्याची शक्ती ह्या खुर्चीत आहे. असे असून ह्या वस्तूच्या घडणीचा विचार मराठीत फारसा झालेला नाही.

प्रथम शब्दांचा निर्णय करणे इष्ट आहे. एकावर एक वस्तू रचण्यास मराठीत निरनिराळे शब्द आहेत आणि त्यांतील भेद निरर्थक नाही. उतरंडीतील मडकी खालून वर लहान लहान होत जातात व एकाच्या तोंडावर दुसरे बसते. येथे मडके मडक्यात शिरत नाही. उंचीची काहीच बचत होत नाही, केवळ जमिनीची होते. चळत ही सारख्या आकाराच्या वस्तूंची असते, जसे पैसे, पोळ्या, ताटे. तिसरा प्रकार द्रोणांचा. द्रोणही सर्व सारखेच असतात, परंतु ते एकमेकांवर न बसता एकमेकांत बसतात. बांधकामावरील घमेली, कोळणींच्या पाट्या व शंभराच्या जुडीने विकले जाणारे द्रोण ही सर्व एकाच तत्त्वाची उदाहरणे होत. वस्तूच्या बाजू तळाशी अरुंद व वर रुंद असाव्यात आणि जाडी कमी असावी, एवढ्याने हे साधते. १९५८ साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथे आलेल्या चार्ल्स व रे ईम्स ह्या अमेरिकन दांपत्याने आपल्या अहवालात लोट्याची मुक्त कंठाने स्तुती केली. ती योग्यच होती. पण रचण्याच्या खुर्चीचा अभ्यास करणाऱ्याने लोट्यापेक्षा द्रोणाकडे पाहणे अधिक उपयोगाचे, कारण लोटा लोट्यात जात नाही.

द्रोणाचे हे तत्त्व अंकांत मांडता येते. चळतीत प्रत्येक नव्या खुर्चीने जी उंची वाढते तिला ‘चढ’ म्हणावे. एका खुर्चीची उंची ‘उ’ व चढ ‘च’ असेल, तर ‘न’ खुर्च्यांच्या चळतीची उंची ‘उ’ अधिक (न – १) गुणिले ‘च’ इतकी होईल. तेव्हा सर्व कौशल्य ‘च’ लहान करण्यात आहे. आता पायाची भिंत ‘ज’ इतकी जाड असून ती उभ्या रेषेशी काही कोनाने कललेली आहे असे मानू. वरची खुर्ची खालच्या खुर्चीत तितकीच उतरू शकते, जितके उतरल्यावर दोन भिंतींमधील लंबांतर जाडीइतके उरते. म्हणून चढ हा जाडीला कोनाच्या भुजज्येने, म्हणजेच साइनने, भागून मिळतो. भिंत ३ मिलिमीटर व कल ५ अंश असल्यास चढ सुमारे ३४ मिलिमीटर येतो. कल निम्मा केला, अडीच अंश केला, तर तोच चढ ६९ मिलिमीटर होतो. पाय जितके ताठ तितकी चळत उंच, हा नियम यातून निघतो. खुर्चीस ऐटदार सरळ पाय हवेत आणि ती नीट रचताही यावी, ह्या दोन इच्छा परस्परविरोधी आहेत. पंधरा खुर्च्यांची चळत पहिल्या उदाहरणात (खुर्चीची उंची ८० सेंटिमीटर धरून) १२८ सेंटिमीटरांवर थांबते, दुसऱ्यात ती पावणेदोन मीटरांच्या वर जाते, आणि वरची खुर्ची काढण्यास उंच माणूस शोधावा लागतो.

येथे दुसरी अडचण उभी राहते. कल लहान असलेली पाचर स्वतःहून निसटत नाही. पाचरीच्या कोनाची स्पर्शज्या घर्षणांकाहून कमी असली की ती अडकून बसते. प्लॅस्टिकवर प्लॅस्टिकचा घर्षणांक ०.३ धरला, तर सोळा-सतरा अंशांखालील प्रत्येक कल अडकणारा ठरतो. म्हणजे पाच अंशांची खुर्ची खालच्या खुर्चीत रुतणार हे गणितानेच ठरलेले आहे. मांडवात दोन माणसे चळतीच्या दोन बाजूंनी उभी राहून एक खालची खुर्ची पायाने दाबतो व दुसरा वरची हिसडतो, हे दृश्य कोणास अपरिचित आहे? त्यावर उपाय म्हणून चांगल्या साच्यात बैठकीच्या तळाशी लहान कंगोरे ठेवतात. भिंती एकमेकींस घट्ट भिडण्यापूर्वीच वरच्या खुर्चीचा तळ खालच्या बैठकीवर टेकतो आणि भार भिंतींवर न येता कंगोऱ्यांवर येतो. स्वस्त नकलांत कंगोरे झिजलेले वा मुळातच नसलेले आढळतात.

तिसरी अट गुरुत्वमध्याची. नळीच्या पायांच्या कित्येक खुर्च्या सरळ वर न रचल्या जाता थोड्या पुढे सरकून रचल्या जातात. प्रत्येक खुर्ची अडीच सेंटिमीटर पुढे सरकत असेल आणि खालच्या खुर्चीचा गुरुत्वमध्य तिच्या पुढच्या पायांच्या मागे वीस सेंटिमीटर असेल, तर ‘न’ खुर्च्यांचा एकत्रित गुरुत्वमध्य (न – १) गुणिले सव्वा सेंटिमीटर इतका पुढे येतो. सोळा खुर्च्यांपर्यंत चळत तोल सांभाळते. सतराव्या खुर्चीशी गुरुत्वमध्य नेमका पायांच्या रेषेवर येतो आणि एखाद्या पोराचा धक्काही तिला पुरतो. युरोप-अमेरिकेतील सभागृहांत अशा चळती मागे कललेल्या चाकांच्या गाड्यावर ठेवतात, ते हा सरकाव भरून काढण्यासाठीच.

ह्या तीन अटींकडे पाहिले म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यावरील प्रसिद्ध खुर्च्यांचा इतिहास केवळ अभिरुचीचा इतिहास राहत नाही. फिनलंडच्या आल्व्हार आल्टो यांनी १९३३ साली वाकवलेल्या बर्च लाकडाचे तीन पायांचे स्टूल केले. त्याचे पाय बैठकीच्या कडेबाहेर असल्यामुळे एक स्टूल दुसऱ्यावर थोडे फिरवून ठेवता येते व चळत नागमोडी जिन्यासारखी वर चढते. डेन्मार्कच्या आर्ने याकोबसेन यांनी १९५२ साली एका औषध कारखान्याच्या भोजनगृहासाठी वाकवलेल्या प्लायवुडची खुर्ची केली, तीही तीन पायांची. ईम्स दांपत्याच्या फायबरग्लास कवचाच्या खुर्चीस १९५०च्या दशकाच्या मध्यास रचता येणारे पाय मिळाले. परंतु रचनेची पराकाष्ठा पाहावयाची तर डेव्हिड रोलंड या अमेरिकन अभिकल्पकाच्या १९६४ सालच्या खुर्चीकडे वळावे. तिचे नावच ‘४०/४’, अर्थात चार फुटांत चाळीस खुर्च्या. वरवर ही जाहिरात वाटते, पण हिशेब करून पाहण्याजोगा आहे. खुर्चीची उंची सुमारे तीस इंच आणि तिचा सांगाडा ७/१६ इंच जाडीच्या पोलादी सळईचा. बैठक व पाठ हे पातळ पत्र्याचे असून सळईच्या जाडीतच लपतात, म्हणून चढ सळईइतकाच, म्हणजे ७/१६ इंच. त्यास एकोणचाळीसने गुणले की सतरा इंच. तीस आणि सतरा मिळून सत्तेचाळीस, चार फुटांस एक इंच कमी. हा चढ ज्याहून कमी होऊच शकत नाही अशा मर्यादेवर येऊन ठेपलेला आहे. शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठाच्या नव्या आवारासाठी तिची सतरा हजार नगांची मागणी आली. अशा खुर्चीचे पहिले मोठे गिऱ्हाईक विद्यापीठ असावे हे स्वाभाविकच आहे.

या सर्वांहून भारताच्या दृष्टीने महत्त्वाची खुर्ची मात्र दुसरीच. १९५४ साली इटलीत जुलिओ नात्ता यांनी पॉलिप्रोपिलीन हे द्रव्य सिद्ध केले. १९६३ साली कार्ल झिगलर यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी लंडनच्या हिले कंपनीने रॉबिन डे (१९१५–२०१०) यांची पॉलिप्रोपिलीनची खुर्ची बाजारात आणली. बैठक व पाठ मिळून एक सलग कवच, कडा खाली वळवलेल्या, आणि तळाशी साच्यातच घडवलेल्या उंचवट्यांत स्क्रूने बसवलेले पोलादी नळीचे पाय. द्रव्य शेल कंपनीचे होते. एका साच्यातून आठवड्यास चार हजार कवचे निघत. साच्याचा खर्च प्रचंड, पण तो लाखो नगांवर वाटला गेल्याने एकेका कवचाची किंमत क्षुल्लक झाली. येथे कवच प्लॅस्टिकचे व पाय पोलादाचे ही वाटणी विचारपूर्वक केलेली होती. ज्याला वाकावयाचे ते प्लॅस्टिक, ज्याला ताठ राहावयाचे ते पोलाद. शिवाय पाय वाकला तर पाय बदलता येतो आणि कवच तडकले तर कवच.

आता ठाणे–बेलापूर मार्गाकडे येणे प्राप्त आहे, कारण नवी मुंबई हे शहर जन्मास येण्यापूर्वीच तेथे ह्या द्रव्याचे पूर्वज येऊन दाखल झाले होते. मफतलाल समूह व शेल यांच्या सहयोगाने उभ्या राहिलेल्या नॅशनल ऑरगॅनिक केमिकल इंडस्ट्रीज, अर्थात नोसिल, या कंपनीचा नॅप्था क्रॅकर १९६८ साली या मार्गावर सुरू झाला. ट्रॉम्बे येथील युनियन कार्बाइडच्या १९६६च्या क्रॅकरनंतर देशातील हा दुसरा, आणि आकाराने त्याहून बराच मोठा. शेजारीच जर्मनीच्या होएख्स्ट कंपनीच्या तंत्राने पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीजचा दाट पॉलिइथिलीनचा कारखाना निघाला. सिडकोची स्थापना त्यानंतरची, १९७० सालची. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६०च्या दशकाच्या मध्यास मुंबईच्या पलीकडे खाडीपार नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली, तिच्या मागे या पट्ट्यात उभा राहिलेला रोजगार हेही एक गमक होते.

नॅप्थाचे भंजन केले की इथिलीनबरोबर प्रोपिलीनही निघतेच. म्हणजे खुर्चीचे मूलद्रव्य घणसोलीच्या परिसरात १९६८ पासून उपलब्ध होते, आणि ते काढणाऱ्या कंपनीत डे यांच्या खुर्चीस द्रव्य पुरवणारी शेलच भागीदार होती. मग खुर्ची का झाली नाही? प्रोपिलीनपासून पॉलिप्रोपिलीन करण्याचा कारखाना तेथे नव्हता. नोसिलमध्ये त्याचे आयसोप्रोपिल अल्कोहोल, ॲसिटोन अशी विद्रावके होत. देशात पॉलिप्रोपिलीन निघू लागले ते १९७०च्या दशकाच्या अखेरीस, बडोद्यास, इंडियन पेट्रोकेमिकल्सच्या कारखान्यात. दाट पॉलिइथिलीन मात्र येथेच होत असे. त्याच्या बादल्या, डबे व खोकी झाली. पॉलिइथिलीन चिवट खरे, पण पॉलिप्रोपिलीनइतके ताठ नाही. बादलीस ते पुरते, माणसाच्या पाठीस पुरत नाही. महाराष्ट्राच्या घरात प्लॅस्टिकची बादली आधी आणि खुर्ची कितीतरी नंतर आली, याचे रसायनशास्त्रीय कारण हे आहे.

दुसरे कारण यंत्राचे. वितळलेला रस साच्यात शिरताना साचा उघडू पाहतो, त्यास मिटवून धरणारे बल यंत्राने द्यावयाचे असते. खुर्चीचे प्रक्षेपित क्षेत्रफळ २,५०० चौरस सेंटिमीटर व साच्यातील दाब दर चौरस सेंटिमीटरला ३०० किलो धरला, तर साडेसातशे टनांचे बल लागते. बादलीचा साचा याच्या कितीतरी लहान यंत्रात बसतो. परवाने व आयातनिर्बंध यांच्या त्या काळात एवढे यंत्र व तसा साचा केवळ खुर्चीसाठी मिळवणे कोणास परवडणारे नव्हते.

मधल्या काळात महाराष्ट्र कशावर बसला? सभेस सतरंजी व जाजम, लग्नात पाट, आणि खुर्च्या त्या मान्यवरांपुरत्या, बहुधा शेजारच्या शाळेतून आणलेल्या. खाडीच्या अलीकडे विक्रोळीस गोदरेजचा कारखाना होता व पोलादी नळीची खुर्ची कचेऱ्यांत रुळली होती, परंतु ती कचेरीची वस्तू. मांडवात आली ती पत्र्याची घडीची खुर्ची. मांडववाल्यांच्या टेम्पोत ती मिटून, आडव्या थराने रचून येई. घडी घालणे व चळत रचणे हे एकाच प्रश्नाचे दोन उपाय आहेत, पण त्यांचे अर्थशास्त्र वेगळे. घडीच्या खुर्चीस बिजागऱ्या व रिबिटी लागतात, त्या गंजतात, बोटे चिमटतात, आणि तीनशे खुर्च्या मांडावयाच्या तर तीनशे वेळा उघडाव्या लागतात. चळतीच्या खुर्चीस हलणारा एकही भाग नाही. उलट बाजूने हेही नमूद केले पाहिजे की पत्र्याची खुर्ची वाकली तर लोहार ती सरळ करून देई.

फ्रान्समध्ये आंरी मासोने यांनी १९७२ साली पाय, बैठक, पाठ व हात हे सर्व एकाच साच्यातून, एकाच दाबात काढलेली खुर्ची सिद्ध केली. तिचा नग दोन मिनिटांच्या आत तयार होई. डे यांची पोलाद-प्लॅस्टिकची वाटणी येथे नाहीशी झाली. पायास ताठपणा द्यावयाचा तो द्रव्याने नव्हे, आकृतीने द्यावा म्हणून पाय कोनाकृती वा पन्हळीसारखा केला. साच्यातून वस्तू सुटण्यासाठी भिंतींना उतार द्यावाच लागतो. नेमका तोच उतार चळतीसही लागतो. साच्याची गरज व चळतीची गरज एकच निघाली, हा या खुर्चीच्या यशाचा गाभा आहे. द्रोणाचे तत्त्व पुन्हा, फक्त पळसाच्या पानाऐवजी पॉलिप्रोपिलीन.

ही खुर्ची आपल्याकडे पसरली ती १९९०च्या दशकात. १९९१ नंतर परवान्यांचे बंधन सुटले, द्रव्याचा पुरवठा वाढला, आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या नीलकमल व सुप्रीम यांसारख्या कंपन्यांनी सिन्नर, जळगाव अशा ठिकाणच्या कारखान्यांतून तिचे अफाट उत्पादन केले. नेमके हेच दशक नवी मुंबईच्या वाढीचे. महानगरपालिका १ जानेवारी १९९२ रोजी अस्तित्वात आली आणि त्याच वर्षी मे महिन्यात मानखुर्द–वाशी रेल्वे खाडी ओलांडून आली. २०११च्या जनगणनेत पालिकेची लोकसंख्या ११ लाख २० हजारांच्या घरात गेली. लहान सदनिका, मोठी कुटुंबे, प्रत्येक विभागात गणेशोत्सव, आणि जुन्या गावठाणांत आगरी-कोळी समाजाच्या हळदीच्या रात्री, ज्यांस हजाराहून माणूस लोटणे नवलाचे नाही. अशा शहरास दुसरी कोणती खुर्ची चालली असती असे वाटत नाही.

त्याबरोबर बैठकीची पायरी मोडली. ‘खुर्ची’ ह्या अरबी मुळाच्या शब्दास मराठीत अधिकाराचा अर्थ चिकटला तो उगीच नव्हे. जोपर्यंत सभेत दहाच खुर्च्या होत्या, तोपर्यंत त्या कोणी घ्याव्यात हा प्रश्न जात, वय, पैसा व लिंग यांनी आधीच सोडवलेला असे. तीनशे माणसांस तीनशे सारख्या खुर्च्या मिळाल्यावर तो प्रश्न निदान मांडवापुरता मिटला. व्यासपीठावर मखमली सिंहासने अद्याप येतात, पण समोर बसणाऱ्या म्हाताऱ्या बाईस जमिनीवरून उठण्यासाठी कोणाचा हात धरावा लागत नाही. स्वस्त वस्तूने घडवलेल्या ह्या समतेस कोणी फारसे श्रेय देत नाही. तिच्या कुरूपतेची थट्टा मात्र सर्वत्र होते.

तथापि हिशेबाची दुसरी बाजू आहे. पॉलिप्रोपिलीनच्या साखळीत एकाआड एक कार्बन अणूवर मेथिल गट असतो आणि त्या अणूचा हायड्रोजन सहज सुटतो. सूर्याच्या जंबुपार किरणांनी व प्राणवायूने तेथेच साखळी तुटते. पृष्ठभाग पांढुरका, पिठूळ होतो, आणि एके दिवशी मागचा पाय बूड टेकताच मोडतो. यास रोखणारी स्थिरके असतात, पण ती महाग. खडूची भुकटी व पुन्हा वितळवलेले जुने प्लॅस्टिक मिसळलेल्या स्वस्त खुर्चीत ती पुरेशी नसतात. मोडलेला पाय जोडता येत नाही, कारण तो वेगळा भागच नाही. डे यांच्या खुर्चीत जे दुरुस्त होऊ शकत होते ते येथे केवळ भंगार होते. भारताने कवच-व-नळीचा टप्पा जवळजवळ ओलांडूनच सलग खुर्ची स्वीकारली. दवाखाने, बँका व भोजनगृहे येथे पोलादी पायांवरची प्लॅस्टिकची कवचे आली खरी, पण मांडवात ती कधी उतरली नाहीत. दुरुस्तीयोग्य चळतीच्या खुर्चीचा प्रयोग येथे सार्वजनिक प्रमाणावर झालाच नाही, हे नुकसान सौंदर्याचे नसून व्यवहाराचे आहे.

संशोधनाच्या दृष्टीने घाई आहे ती याकरिता की पुरावाच वितळत आहे. पत्र्याच्या घडीच्या खुर्च्या लोखंडाच्या भावाने गेल्या. १९९०च्या दशकातील पहिल्या सलग खुर्च्या दाणे होऊन पुन्हा यंत्रात जात आहेत. संग्रहालये लाकडी कोरीव आसने जपतात, ह्यांना हात लावीत नाहीत. पदव्युत्तर विद्यार्थ्यास मात्र येथे फारशा साधनांवाचून काम करता येण्यासारखे आहे. वाशी ते बेलापूर एवढ्याच पट्ट्यातील मांडववाल्यांची कोठारे, शाळा व समाजमंदिरे यांतील खुर्ची उलटी करून तळ पाहिला, की बाणांच्या त्रिकोणात ५ (पॉलिप्रोपिलीन) वा २ (दाट पॉलिइथिलीन) हा अंक, निर्मात्याची खूण आणि पुष्कळदा साच्यात बसवलेली महिना-वर्षाची लहान तबकडी सापडते. त्याच्या जोडीस भिंतीची जाडी, पायाचा कल, एका खुर्चीचे वजन, पाच खुर्च्यांच्या चळतीची उंची आणि मोडण्याची जागा एवढी मापे घ्यावीत. पाच खुर्च्यांच्या उंचीतून एकीची उंची वजा करून चारने भागले की चढ मिळतो, तो वर दिलेल्या सूत्राने येणाऱ्या चढाशी ताडून पाहावा. फरक आढळला तर बहुधा तो कंगोऱ्यांचा असेल, आणि कंगोरा नेमका किती उंचीचा ठेवला होता यावरून साचा कोणत्या दर्जाचा होता हे कळेल.